सोबतीचा माणूस

ताईने सही केली तेव्हा तिच्या हाताला अजून सलाईनची सुई होती. पेन दोनदा घसरलं. धाकट्या भावाने कागदाखाली फाइल धरली, बोटाने जागा दाखवली. "इथे. आणि मागच्या पानावर इथे. झालं! एवढंसं तर काम होतं."

काम एवढंसंच. आईवडिलांच्या घरातला आपला वाटा तिने त्याला लिहून द्यायचा. तीन वर्षं ती नाही म्हणत होती. राहत होती ना ती त्याच घरात. पण तिच्या स्वादुपिंडात गाठ दिसली. घशातून नळी उतरवायची, नळीच्या टोकाला असलेल्या सोनोग्राफीने आतलं बघायचं आणि सुईने गाठीतला कण काढायचा, असं ठरलं. गुंगी देणार, तेव्हा सोबत घरचं माणूस हवंच, नाहीतर तपासणी होणार नाही, असं दवाखान्याने बजावलं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय! तिने भावाला फोन केला. "येतो की," तो म्हणाला. "त्या कागदांचंही उरकून टाकू."

आज सकाळी स्वारी आली ती फाइल काखेत मारूनच. ही रात्रीपासून उपाशी, पाण्याचा घोटसुद्धा नाही.

"आत्ताच करून टाकतेस का सही?"

"आधी तपासणी होऊ दे. मग करते."

आत तिला डाव्या कुशीवर निजवलं. घशात कडू फवारा मारला, घसा बधिर झाला. दातांत प्लास्टिकची कडी बसवली. पुढचं तिला काही आठवत नव्हतं. जाग आली तेव्हा घसा खवखवत होता आणि नाकासमोर फाइल होती. मेल्याने "दुखतंय का गं" एवढं तरी विचारावं!

सही होते न होते तोच नर्सबाई सुई काढायला आल्या. त्यांनी भावाच्या हातात आजची तारीख-वेळ घातलेला, शिक्का मारलेला सूचनांचा कागद दिला. "पुन्हा एकदा सांगते. घसा एक-दोन दिवस दुखेल. पोटात जोरात दुखलं, ताप आला, तर लगेच फोन करा. आणि गुंगीचा अंमल आहे, तेव्हा उद्या या वेळेपर्यंत यांनी गाडी चालवायची नाही, कसला मोठा निर्णय घ्यायचा नाही, कुठल्या कागदपत्रावर सही करायची नाही."

भावाने फाइल उघडली. सहीखाली त्यानेच आपल्या हाताने आजची तारीख घातली होती. त्याचं तोंड उतरलं.

"ताई, तुला हे माहीत होतं?"

"परवा याच बाईंनी आपल्या दोघांना समोर बसवून सगळं समजावलं होतं," ती बसक्या आवाजात म्हणाली. "तू मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होतास. माझं काय काय होणार आहे, तेवढं जरी ऐकलं असतंस ना रे, तर उद्या मीच तुला बोलावून सही दिली असती."