आत्याला धबधबा दाखवला

"घोडा नको," आत्या म्हणाली. "घोड्यावर बसून धबधबा बघायला मी काय मंत्र्याची सासू आहे?"

त्सेलिसोनं घोडेवाल्याला हातानंच नको म्हटलं. सेमोंकोंग गावाहून धबधब्याची वाट सगळी चढउताराची, वारा बोचरा, आणि आत्याच्या पायात ढिले गमबूट. आजचा दिवस गेलाच म्हणायचा. पण ज्या मुलीशी लग्न करायचं होतं त्या दिनेओनं फोनवर बजावून ठेवलं होतं.

"आत्याला कशालाच नाही म्हणायचं नाही. आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा. तुला पारखायलाच कुथिंगहून येतेय ती. लग्नाचा विषय तू काढू नकोस, माझं नावसुद्धा घेऊ नकोस, तिला आगाऊपणा खपत नाही. धबधबा चालत जाऊन बघायचाय म्हणते, तेवढा दाखव. आणि हे बघ, चिडू नकोस."

म्हणून तो सकाळीच दवाखान्यातून रजा काढून स्टँडवर गेला होता. निळं ब्लँकेट, हातात काठी. दिनेओनं सांगितलं होतं तशीच आत्या बाकावर बसली होती.

"आत्या, मी त्सेलिसो. चला, धबधब्याला जायचं ना?"

तिनं त्याला बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "उशीर केलास," म्हणाली आणि हात पुढे केला. "उठव."

तेव्हापासून त्याच्या सहनशक्तीची कसोटी चालली होती.

आधी तिला पिठाचे तळलेले गोळे हवे झाले. आणले, तर तेल जुनं होतं. तरी सगळे संपवले, आणि एक उरला तो त्याच्या हातात ठेवून म्हणाली, "खा, खरकटा नाही." मग दर टेकाडावर बसणं. बसली की त्याची उलटतपासणी.

"काम काय करतोस?"

"दवाखान्यात आहे. दोन महिने झाले इथं येऊन."

"सुया टोचतोस?"

"हो, तेही करतो."

"तरीच हात थंड आहेत. लग्न झालंय?"

विषय तिनंच काढला होता. "अजून नाही, आत्या. मनात आहे."

"तुझ्या मनात असून काय उपयोग? कुणी मुलगी द्यायला नको?"

त्यानं ओठ चावला.

"आई काय म्हणते?"

"आई नाही. तुम्हाला ठाऊकच आहे."

"मला कसं ठाऊक असणार? मी काय ज्योतिषी आहे?"

दिनेओनं घरी सगळं सांगितलं होतं. तरी ही बाई त्याच्याच तोंडून वदवून घेत होती. पोलीस परवडले, असं त्याला वाटलं.

ओढ्यापाशी एक बाई कपडे धूत होती. तिनं आत्याला हाक मारून तब्येत विचारली, आणि दोघी आत्याच्या गुडघ्यांवर, त्या बाईच्या सुनेवर, मेलेल्या गाईवर अशा रंगल्या की त्सेलिसो बाजूला वाळत घातल्यासारखा उभा. गावात पाऊल टाकून सकाळ उलटली नाही तोच हिचं गोत जमायला लागलं! काही बायका स्मशानातसुद्धा ओळख काढतील.

"चला ना, आत्या."

"पाणी गार आहे. मला उचल."

त्यानं तिला पाठीवर घेतलं. ओढ्याच्या मधोमध त्याचा पाय दगडावरून सरकला, बूट पाण्यानं भरले, आणि वरून आवाज आला, "नीट बघ! तुझ्यापेक्षा गाढव बरं, पाय तरी जपून टाकतं."

"मग गाढवच आणायचं होतं ना!" तो ओरडला. "सकाळपासून बघतोय! गोळे खराब, हात थंड, पाय वाकडे! माणूस आहे की बैल? एक शब्द तरी धड बोला!"

कपडे धुणारीचा हात थांबला होता. संपलं, त्सेलिसोला वाटलं. दिनेओला आता काय तोंड दाखवू?

पाठीवरची आत्या मात्र हलायला लागली. ती हसत होती. "हां," म्हणाली, "आता आवाज फुटला. मघापासून नुसता देवळात आल्यासारखा बोलत होतास. चल पुढे."

शेवटचा चढ दोघं चढले. आधी जमीन थरथरली, मग तुषारांचा धूर दिसला. त्या पांढऱ्या धुराआडून नदी आख्खीच्या आख्खी कड्यावरून खाली जात होती. त्सेलिसोनं आत्याचा दंड घट्ट धरला.

ती काठीवर रेलून बघत राहिली. तुषारांनी तिचं तोंड भिजलं, ते तिनं पुसलं नाही.

"लग्न झालं तेव्हा नवरा म्हणाला होता, दाखवीन," ती शेवटी म्हणाली. "तो खाणीत गेला. मग मुलगा म्हणाला, दाखवतो. तोही गेला. नातू म्हणतो, पुढच्या सुट्टीत. ज्याला त्याला काम. तू मात्र आलास आणि चला म्हणालास."

त्सेलिसोचा राग कुठच्या कुठे गेला. ओल्या मोज्यांत त्याची बोटं बधिर झाली होती, पण आता विचारायला हरकत नव्हती.

"आत्या, मग घरी गेल्यावर माझ्याबद्दल काय सांगणार?"

"सांगेन की पोरगा भला आहे. तोंड वाकडं करतो, पण पाठही वाकवतो. अशाला डोळे मिटून मुलगी द्यावी."

"खरंच?" त्याला तिला उचलून नाचावंसं वाटलं. "म्हणजे मी दिनेओशी लग्न केलं तर तुमची ना नाही?"

"माझी कसली ना असणार?" म्हातारीनं ब्लँकेटच्या टोकानं तोंड पुसलं आणि त्याच्याकडे मायेनं पाहिलं. "पण बाळा, ही दिनेओ कोण?"