हो, की नंतर?

आमच्या ॲपमधल्या बटणांना नावं देणं हे माझं काम. नवीन फीचर लोकांच्या फोनमधले सगळे नंबर वाचणार होतं, म्हणून परवानगीच्या प्रश्नाखाली मी दोन सरळ बटणं ठेवली: 'हो' आणि 'नाही'. सरांनी 'नाही' काढून तिथे 'नंतर' टाकलं.

"नंतर म्हटलं की आपल्याला रोज विचारता येतं," ते म्हणाले. "आणि रोज विचारलं की माणूस कधीतरी वैतागून हो म्हणतोच."

मी वाद घातला नाही. म्हटलं, गुरूची विद्या गुरूला. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या मशीनपाशी त्यांना गाठलं.

"सर, ते 'नाही'चं बटण परत लावू? हो, की नंतर?"

"नाही."

"तो पर्याय नाहीये, सर."

मग लिफ्टमध्ये विचारलं. पार्किंगमध्ये ते हेल्मेट घालत असताना विचारलं. मोठ्या साहेबांसमोर, मीटिंग ऐन रंगात आली असतानाही विचारलं.



शेवटी सरांनी कपाळाला हात लावला. "हो बाई, हो. लाव एकदाचं तुझं ते 'नाही'."