विहिरीत दिलेली लेक

“हळू. ओढू नकोस. तीनशे वर्षांचा गुंता आहे तो.”

घागर खडकाला घासावी तशा आवाजात विहिरीतून कुरकुर वर आली. काठावरच्या बाभळीआड तिघं दबकून बसले होते. मालनबाई, वस्तीतला म्हातारा कडुबा आणि टँकरवाला इंद्रजीत.

“तीनशे वर्षं हात नव्हते का तुम्हाला? मान सरळ ठेवा, अहो,” खालून सुलेखा म्हणाली.

तिघांनीही ते ‘अहो’ ऐकलं. तिघांनीही दुसरीकडे पाहिलं.

पाण्याच्या दोन पायऱ्या वर मालनबाईची लेक बसली होती. तिच्या मांडीवर राक्षसाचं डोकं होतं, चांगलं रांजणाएवढं. बाकीचं अंग पाण्यात होतं आणि ते कुठवर गेलंय ते दिसत नव्हतं. सुळे, शिंगं, सगळं गोष्टीत सांगतात तसंच. पोरीच्या बोटांना त्याचं काही नव्हतं. ती एकेक बट सोडवत होती, तेल जिरवत होती. मालनबाईला वाटलं, इतकं निवांत आपण उभ्या जन्मात कुणाजवळ बसलो नाही.

“माणसाचा वास येतोय,” राक्षस डोळे मिटूनच म्हणाला.

“माझा असंल.”

“तुझा पाठ आहे मला. हा डिझेलचा आहे.”

“वर रस्ता झालाय नवा. झोपा आता.”

तो झोपला. त्याच्या श्वासाबरोबर पाणी एक पायरी वर, एक पायरी खाली होऊ लागलं.

तीन वर्षांपूर्वी मुकुंदवाडीपलीकडची ही विहीर ठणठणीत कोरडी होती. बोअर आटलेले, नळाला आठवड्यातून एकदा पाणी. विहिरीला पोरगी द्यावी लागेल, असं कडुबा आणि चार जुनी माणसं म्हणाली. बळी म्हणायला कुणाची जीभ रेटेना. म्हणून सुलेखाला हिरवी साडी नेसवली, हिरवा चुडा भरला. खण-नारळाची ओटी मालनबाईनंच भरली, दुसऱ्या कुणाचे हात पुढं येईनात. मग पोरीला काठावर सोडून सगळे मागं न बघता घरी आले.

खालचा राक्षस जुन्या वळणाचा. माणसं असं सजवून मारायला पाठवतात हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं भरलेली ओटी पाहिली आणि तिचा जो अर्थ असतो तोच धरला.

दुसऱ्या दिवशी विहिरीला पाणी होतं. तेव्हापासून रोज सकाळी सुलेखा त्याची वेणी घालेपर्यंत वस्तीनं घागरी भरायच्या. वेणी झाली की पाणी तळाला. पण आता चहूकडे बारा-बारा मजले उठत होते आणि वेणीपुरतं पाणी कुणाला पुरत नव्हतं.

इंद्रजीत तीन पायऱ्या उतरला. भला पोरगा. हातात कोयता होता.

“सुलेखा, तुला न्यायला आलोय. मी लग्न करीन तुझ्याशी, सगळ्यांदेखत सांगतो. फक्त याचा जीव कशात आहे तेवढं सांग.”

“ह्यांचा जीव अंगात नसतोय,” कडुबानं वरून समजावलं. “पोपटात नायतर भुंग्यात ठिवलेला आसतोय. कधी इचारलं व्हतंस का?”

“इचारावं लागलं नाय, आबा. पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांनी.”

“मग सांग की. हीर मोकळी हुईल, मोटर बसवू. लई लोकं तहानलेली हायेत, पोरी.”

“ठाऊक हाय. म्हणून तर रोज वेणी सावकाश घालते.”

सुलेखानं राक्षसाच्या कपाळावरची बट मागं सारली आणि मान वर करून आईकडे पाहिलं.

“माय, दारातल्या शेवग्यावर राघू येतो का गं अजून?”

“येतो की,” मालनबाई म्हणाली. “हातावर बसून भाकरी खातो.”

बोलून झाल्यावर तिला कळलं ती काय बोलली ते.

पोरीला सोडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो राघू शेवग्यावर येऊन बसला होता. मालनबाईच्या घशाखाली तेव्हा घास उतरत नव्हता. पहिला तुकडा तिनं त्याला मोडून दिला, दुसरा स्वतः खाल्ला. तशी ती जगली.

“मी म्हणलं, सात समुद्रापल्याड ठिवा,” सुलेखा म्हणाली. “तर म्हणले, तुझ्या माहेरी ठेवतो. तिथं त्याला कोण हात लावणार?”

इंद्रजीतला अर्थ लागला. तो हळूहळू तीन पायऱ्या वर आला. मालनबाईचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. कडुबा आधीच उठून धोतर झटकत होता.

“वहिनी, तुमच्या हातावर बसतोय ना? मग सोपं हाय. चला.”

मालनबाई उठली. पायवाट दोन बाभळींमधून जात होती, तिथं जाऊन उभी राहिली. खाली सुलेखानं काही मागितलं नाही, हाकही मारली नाही. तिनं वाटीतलं उरलेलं तेल तळहातावर घेतलं आणि पुन्हा केसांना लावायला लागली, झोपलेल्याला जाग येणार नाही इतक्या बेतानं.

“मावशी, सरका,” इंद्रजीत म्हणाला.

“सरकत नाय.”

“वहिनी, याड लागलं का?” कडुबाचा आवाज चढला. “राक्षस हाय त्यो.”

“व्हय,” मालनबाईनं पदर खोचला. “आन् जावई हाय आपला.”