तिसरा मोगरा

अपेक्षाने हुंगायची कागदाची पट्टी सरांच्या हातात दिली आणि मनातल्या मनात दगडूशेठला हात जोडले. तिने जुळवलेला आजचा मोगऱ्याचा सुगंध पास झाला, तर अत्तराच्या कंपनीत शिकाऊ म्हणून जागा. नाही झाला, तर सोमवारपासून कॉल सेंटरमध्ये हेडफोन लावून बसायचं, असं वडिलांनी ठणकावून सांगितलं होतं. कंपनीवाले वैजनाथ सरांच्या एका ‘हो’वर पोरं घेत. आणि सर ‘हो’ म्हणत नव्हते, हीच तर बोंब होती.

सरांची हयात साबणाच्या कारखान्यात सुगंध जुळवण्यात गेली. आता ते बुधवार पेठेत, स्पीकरच्या दुकानावरच्या खोलीत शिकवायचे आणि टोमणे फुकट द्यायचे. अपेक्षाच्या पहिल्या मोगऱ्याला ते म्हणाले होते, की हा मोरीत शिंपड, झुरळं पळतील. दुसऱ्याला म्हणाले, शिकरण बरी जमलीय.

तिसरा मात्र जमला होता. मोगऱ्यात इंडोल नावाचं रसायन कणभर घालावं लागतं. नुसतं हुंगलं तर डांबरगोळीसारखं नकोसं वाटतं, पण नेमकं पडलं की फूल जिवंत होतं. त्या दिवशी ते नेमकं पडलं. आई वाघोलीच्या घरात शिरता शिरता दारातच थांबली आणि गजरा कोणी आणला म्हणून विचारू लागली. अपेक्षाने हे मोठ्या आनंदाने सरांना सांगितलं. सरांनी पट्टी हुंगली, ‘नाही’ म्हणाले, आणि आईला विचारूनच मोगरा करायचा असेल तर आईकडेच शीक, असंही म्हणाले. अपेक्षाने घरी जाऊन अख्खी बाटली बेसिनमध्ये ओतली. प्रमाणसुद्धा धड लक्षात ठेवलं नाही. त्यानंतर कितीदा केला, पण तो काही परत आला नाही. मूर्खपणा, दुसरं काय!

आज सरांनी डोळे मिटले, पट्टी नाकाखालून सावकाश फिरवली.

“गोडवा फार झालाय,” ते म्हणाले. “फूल देठासकट यायला हवं. देठ कुठाय यात? परत कर.”

संपलं. अपेक्षा सामान आवरायला वळली आणि जागच्या जागी थबकली. अत्तरात बुडवलेली पट्टी टेबलावरच्या चिमट्यात तशीच होती, टोकाशी ओली. घाईघाईत तिने सरांना भलतीच पट्टी दिली होती. पाकिटातून नुकतीच काढलेली, कोरी.

सॉरी म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि मग सर काय बोलले ते तिच्या डोक्यात शिरलं. कोऱ्या कागदाला गोडवा? तिची कानशिलं तापली. इतके महिने हा माणूस आपल्याला नाचवत होता. नाही म्हणायला नाक लागतं कुठे!

सर तिच्याकडे बघत होते, मग चिमट्याकडे बघू लागले. त्यांनी हातातल्या पट्टीच्या टोकावरून अंगठा फिरवला. कोरडं होतं. पुन्हा फिरवला. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. खाली दुकानात कोणीतरी स्पीकर वाजवून बघत होतं.

मग त्यांनी खिडकीकडे बघत सांगितलं. गेल्या वर्षीच्या तापापासून वास गेलाय. दूध करपलं तरी कळत नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून कोणाला बोललो नाही. चुकीचा ‘हो’ कंपनीत गेला असता, तर अब्रू गेली असती. ‘नाही’ कोणी तपासून बघत नाही.

त्यांनी फोन उचलला, कंपनीचा नंबर काढला आणि तसाच ठेवून दिला. आता कशाच्या जोरावर सांगणार होते?

अपेक्षाला त्यांची दया आली. पण त्याहून जास्त वाईट तिला त्या बाटलीचं वाटत होतं.

“तो तिसरा,” सर म्हणाले. “थोडा ठेवलायस?”

“ओतून टाकला, सर. तुम्ही नाही म्हणालात.”

सरांनी मान हलवली. चष्मा काढला, पुसला, पण परत लावला नाही. मग इतके महिने ती जशी घाबरत त्यांना विचारायची, तसंच त्यांनी तिला विचारलं,

“कसा होता गं?”

“मोगराच होता, सर.”