मुंग्या वर का गेल्या?

पिठीसाखरेच्या कारखान्यात फोरमनकाकांनी फरशीवरून बोट फिरवून दाखवलं. "बघा, आरसा! शिफ्ट संपली की हवेच्या नळीनं सगळं फुंकून काढतो." नव्या इलेक्ट्रिशियनबाईंचं लक्ष मात्र भिंतीकडे होतं. मुंग्यांची रांग छताकडे निघाली होती. "काका, साखर पोत्यांत, मग या वर कुठं चालल्यात?" "मुंग्याच त्या, त्यांना दुसरा उद्योग काय!" बाईंना राहवेना. शिडी चढून तुळईवर बोट ठेवलं, तर पेरभर रुतलं. रोज फुंकलेली साखर इथं साठली होती. खाली चक्कीचा पाय जोडायला आलेल्या वेल्डरनं डोळ्यांवर काच धरली. "दादा, थांबा! ही भुकटी हवेत पसरली नि ठिणगी पडली, तर छप्परच उडेल!" वेल्डरनं काच काढली. काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "आधी मुंग्यांचं औषध मारतो," ते पुटपुटले. "त्यांना कशाला मारता? खरी सफाई तर त्याच करताहेत."