चोपन्न अंशांचा पोशाख

वातानुकूलित नाट्यगृहातल्या कर्मचाऱ्यांचं हवामानबदलाचं प्रशिक्षण चालू होतं. बाहेरच्या माणसांचे हाल कळावेत म्हणून चोपन्न अंशांची दुपार अंगावर आणणारा पोशाख प्रत्येकाला घालायचा होता. व्यवस्थापक दाभाडे त्यात शिरले आणि क्षणात "काढा, काढा!" म्हणून ओरडू लागले. डोअरकीपर कुंदाला वाटलं, आता तरी यांना पाझर फुटेल. शेजारच्या वस्तीतली माणसं गारव्यासाठी केव्हाची दार बडवत होती.

घटाघटा पाणी पिऊन दाभाडे म्हणाले, "बाहेर इतकं भयंकर आहे? मग दाराला आणखी एक कडी लावा. सगळे आत घुसतील!"

कुंदाचं डोकं सणकलं. तिने दार सताड उघडलं. लोंढा आत आला.

"मूर्ख बाई, इथं गुदमरायचं का आम्ही?" दाभाडे ओरडले.

"गर्दी होत असेल तर बाहेर जा, साहेब," कुंदा म्हणाली. "तिथं भरपूर जागा झालीय."