झुंबरची जागा

गोकुळ कामावर लागला आणि तिसऱ्या दिवशी मेला. पण हे आपण ऐकलंच नाही असं समजू. आत्ता तो चांगला जिवंत आहे. मसाटच्या सूत रंगवायच्या कारखान्यात, मॅनेजरच्या केबिनबाहेर बाकावर बसून नखं खातोय.

आत पंख्याखाली मॅनेजर मुकुंदसाहेब, मूळचे पुण्याचे. समोर चिमाबाई आणि तिचा मुलगा वसंत. चिमाबाईचा नवरा झुंबर महिन्यापूर्वी रंगाच्या टाकीपाशी भाजून गेला. वाफ सोडायचं चाक लाल, पाण्याचं हिरवं. झुंबरला दोन्ही सारखीच दिसायची. डावं वाफेचं, उजवं पाण्याचं, असं त्यानं पाठ करून ठेवलं होतं, आणि अकरा वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. मग दुरुस्तीत फिटरनं पाइप उलटे जोडले. चाकांना रंग मात्र अगदी बरोबर दिला.

कारखान्याचा रिवाज असा, की माणूस कामावर मेला तर त्याची जागा घरच्याच माणसाला. घरचं कुणी लागलं नाही तर कंपनीची खोली रिकामी करायची. चिमाबाईला त्या खोलीशिवाय दुसरं छप्पर नव्हतं.

"वसंतला नाही घेता येणार," साहेब म्हणाले. "तुम्हीच चौकशीत सांगितलंत ना, झुंबर बाजारातून टमाटी कच्ची आणायचा म्हणून? बापाचा दोष मुलात उतरतो."

"सायेब, मला दिसतं की," वसंत म्हणाला. "ते कॅलेंडर लाल. ती फाइल हिरवी."

"पाठ करून आला असशील. तुझ्या बापानंही पाठच केलं होतं."

"तुमचं कॅलेंडर मी घरून पाठ करून येऊ?"

"बघा, उलट उत्तरंसुद्धा बापासारखीच!"

सुपरवायझर मधुकरनं दुजोरा दिला. "चालतोपण तसाच. परवा गेटवर पाठमोरा दिसला, तर मी 'ए झुंबर, पाळी सुरू झाली' म्हणून ओरडलो. नंतर आठवलं, तो तर मेला."

तरी खात्री करायची म्हणून साहेबांनी घरी फोन लावला. त्यांच्या पत्नी पद्मजाबाई सिल्वासाच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. आवाज खणखणीत, केबिनमध्ये सगळ्यांना ऐकू आला.

"बापाकडून मुलाला हे येतच नाही! आईकडून येतं. झुंबरला त्याच्या आईकडून आलं असणार. त्याच्या बहिणीतही असेल, तिला स्वतःला नीट दिसत असलं तरी. बहिणीला मुलगा असेल तर आधी त्याचे डोळे तपास."

"अगं, मी जागा भरतोय आणि तू आई-बहीण काय काढतेस?" साहेबांनी फोन ठेवला. "पुस्तकी बोलते. वसंत हुबेहूब बाप आहे, हे डोळ्यांना दिसतंय. घरातलं दुसरं कुणी?"

"भाचा आहे त्यांचा," चिमाबाई म्हणाली. "राखोलीच्या लीलाबाईचा, नणंदेचा पोऱ्या. पगार घरात देईन म्हणतो."

गोकुळला आत बोलावलं. साहेबांनी त्याला समोरून पाहिलं, मग वळायला लावून मागून पाहिलं. नाक वेगळं. चाल वेगळी. आडनावसुद्धा वेगळं.

"झुंबरचं काहीच नाही याच्यात," साहेब खूश झाले. "उत्तम. याच्या डोळ्यांचं काही आहे का हो बाई?"

चिमाबाईनं वसंतकडे पाहिलं. मागच्या रविवारीच गोकुळ बाजारातून पिशवीभर हिरवी टमाटी घेऊन आला होता, आणि मामावर गेलास म्हणून ती हसली होती. मागच्या खेपेला तिनं खरं सांगितलं, त्यात पोराची नोकरी गेली. आता खोली उरली होती.

"नाही सायेब," ती म्हणाली. "गुणाचा पोऱ्या आहे."

"मामी," गोकुळ हळूच म्हणाला, "ते चाक—"

"पाया पड सायेबांच्या."

तो पाया पडला.

मग ते झालं, जे आपण ऐकलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच केबिनमध्ये चौकशी बसली. चिमाबाई त्याच जागी उभी होती. लीलाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. ती चिमाबाईकडे पाहत नव्हती. साहेबांना आता शास्त्र एकदम पटलं होतं. पद्मजाबाईंकडून त्यांनी सगळं नीट समजून घेतलं होतं: फिटर निर्दोष, कंपनी निर्दोष, दोष मुलाकडे आईकडून आलेला आणि आईकडे तिच्या आईकडून.

"म्हणजे सगळं यांच्या आईपासून," साहेबांनी लीलाबाईकडे बोट दाखवलं. "तिला बोलवा."

"साहेब, म्हातारी वारली," मधुकर म्हणाला. "बरीच वर्षं झाली."

"ते तिनं सांगू दे. तुम्ही लिहून घ्या."

मधुकरनं पेन काढलं आणि साहेब पंख्याकडे बघत सांगू लागले:

"सबब, मयत झुंबर यांच्या मातोश्रींनी सदर दोष कोणाच्या परवानगीने पुढे दिला, याचा खुलासा सात दिवसांच्या आत या कार्यालयात समक्ष हजर राहून करावा, ही विनंती. येताना आपल्या आईस सोबत आणावे."